खिशातला कैसर

बर्लिनच्या इस्पितळात माझा नंबर यायचा होता. घशाच्या ऑपरेशननंतर भावाला महिनाभर बोलायची मनाई होती, आज तपासणीचा निकाल कळणार आहे, असं शेजारी बसलेल्या गुंडुलाबाई सांगत होत्या. तेवढ्यात ते भाऊ, सत्तरीचे ओर्टविन, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी चांदीचं एक जुनं नाणं बहिणीच्या हातावर ठेवलं.

“यावर तोंड कोणाचं आहे, माहीत आहे तुला?”

“बोललास! कुठल्यातरी कैसरचं असेल. ऑपरेशनच्या वेळी शुभ म्हणून दिलं होतं मी.”

“फ्रेडरिकचं. घशाच्या कॅन्सरनं गेला तो. गादीवर आला तेव्हा वाचा गेलेली. चिठ्ठ्या लिहून राज्य केलं, तेही तीनच महिने.”

“अरे देवा. मग नको म्हणायचंस ना.”

“भुलीचं इंजेक्शन दिलं होतं मला.”

“नंतर तरी टाकून द्यायचंस.”

“टाकणारच होतो. मग बिचाऱ्याची कीव आली. म्हटलं, चल बाबा, निकाल बरोबरच ऐकू.”

“काय म्हणाले डॉक्टर?”

“घसा स्वच्छ आहे. काही उरलेलं नाही.”

“पुन्हा सांग.”

“काही उरलेलं नाही, गुंडुला. रडतेस काय?”

“हळू बोल, लोक बघतायत.”

“बघू देत. महिनाभर तू एकटीच बोलत होतीस.”