सूरवेळच्या मुखपृष्ठावरची जाड रेघ

मंडळी, बसून घ्या. दारात उभे आहेत त्यांनी आत या, पुढं सतरंजीवर जागा आहे.

यशवंत आप्पांना जाऊन आज अकरा दिवस झाले. दौंडची मंडळी आहेत. शिरूरहून सकाळच्या एस.टी.नं आलेले आहेत. केंदूरचे भजनी बुवा आहेत, कासुर्डीचे शाहीर काशिनाथ आहेत. आप्पांच्या घरच्या वहिनी इथं समोर बसल्या आहेत. मी शिरूरच्या हायस्कुलात मराठी शिकवतो. रोज सहा तास बोलतो. तरी आज सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं. रडू येतंय म्हणून नाही. मला रडू लवकर येत नाही, घरचे त्याबद्दल नावं ठेवतात. अवघड आहे ते वेगळ्या कारणानं.

माझ्याआधी तिघं बोलले. तिघांनी आप्पांचा चांगुलपणा सांगितला, आणि तिघांनीही शेवटी ती मुखपृष्ठाची गंमत सांगितली. तुम्ही हसलात. हसायला हरकत नाही, आप्पाही हसले असते. पण ती गंमत चुकीची सांगितली जाते. पाच वर्षं चुकीची सांगितली जातेय. 'जित्याला मारणारा छापखानेवाला' हे नाव या गावानं आप्पांना दिलं, आणि ते नाव घेऊन ते गेले. ते नाव त्यांचं नव्हतं. मी आज दुरुस्ती करायला उभा आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधीपासून सांगतो.

आणीबाणीच्या आधी आम्ही 'सूरवेळ' नावाचं गाण्याचं मासिक काढत होतो. मासिक म्हणायचं, निघायचं तीन महिन्यांनी. संपादक मी. छपाई आणि मांडणी आप्पांची, इथंच दौंड स्टेशनजवळच्या त्यांच्या छापखान्यात. छापखाना म्हणजे पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, लाकडी पेट्या आणि आप्पा. कल्पना माझी होती. पुण्यात गाण्याची मासिकं निघतात, मग घोड आणि भीमेच्या काठच्या गवयांनी काय पाप केलंय, असं माझं म्हणणं.

पहिल्या अंकाआधी मी आप्पांना शहरातल्या मासिकांचा गठ्ठा नेऊन दिला. म्हटलं, असं करा. आप्पांनी ती आठ दिवस ठेवून घेतली. वाचली नाहीत. फूटपट्टी घेऊन मोजली. मी गेलो तेव्हा म्हणाले, "मास्तर, गान्याला बी पेहराव असतो बघा." आणि त्यांनी मला तो पेहराव समजावून सांगितला. शास्त्रीय गाणं असलं की तंबोरा, बारीक अक्षर आणि भरपूर कोरी जागा. भजन असलं की वीणा आणि चिपळ्या, भोवती वेलबुट्टी. लावणी असली की पायातले चाळ आणि जाड तिरकं अक्षर. नाटकातलं गाणं असलं की वर पडद्याची झालर. सिनेमाचं असलं की मायक्रोफोन. मी तीच मासिकं दहा वर्षं वाचत होतो. मला यातलं एकही दिसलं नव्हतं.

मी विचारलं, हे सगळं पाळलंच पाहिजे का? आप्पा म्हणाले, "टेसनावर गाडी थांबती दोन-चार मिन्टं. तेवढ्यात गिऱ्हाइकाला लांबनं कळलं पायजे, आत काय गातंय ते. न कळलं तर तो भेळ घेतो."

मांडणीबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही.

आप्पा ते नियम फार निष्ठेनं पाळायचे. बुवा, तुम्हाला आठवत असेल. तुमचा फोटो काढताना आप्पा फोटोग्राफरच्या मागं उभे होते. म्हणाले, "बुवा, डोळं मिटा." तुम्ही म्हणालात, "का रं? मी झोपलोय व्हय?" आप्पा म्हणाले, "मासिकात गवयाचं डोळं मिटल्यालं असत्यात. आन् मान जरा डावीकडं." तुम्ही डोळे मिटलेत, मान डावीकडं केलीत, आणि अंक आल्यावर केंदूरमध्ये लोक म्हणाले, बुवा किती मोठे गवई आहेत ते आम्हाला माहीतच नव्हतं. गाणं तेच होतं. पेहराव नवा होता.

तीन अंक असे निघाले. चौथ्या अंकाच्या वेळी आप्पा म्हणाले, "औंदा पुढच्या पानावर शाहीर काशिनाथ घेऊ."

शाहीर समोर आहेत म्हणून सांगत नाही. रेल्वेत गँगमनची नोकरी करून, सुट्टीच्या दिवशी गावोगाव गायनपार्टी घेऊन बाबासाहेबांची गाणी गाणारा हा माणूस या दोन्ही तालुक्यांत सगळ्यात जास्त ऐकला जात होता. आणि आमच्या तीन अंकांत त्यांचं नाव एकदा आलं होतं. शेवटून दुसऱ्या पानावर, 'इतर वार्ता' या मथळ्याखाली. तो मथळा मी दिलेला होता.

मी म्हटलं, आत लेख घेऊ, चांगला दोन पानी घेऊ. आप्पा म्हणाले, "आत न्हाई. पुढं. बुवा पुढं, लावणीवाली नायकीणबाई पुढं, आन् शाहीर आत का?" मी हो म्हटलं. पटलं म्हणून हो म्हटलं नव्हतं, एवढं आज कबूल करतो.

मग अडचण सुरू झाली. या गाण्याचा पेहराव कुठला? आप्पांनी ब्लॉकचा, म्हणजे चित्रांच्या ठशांचा, अख्खा खण टेबलावर पालथा केला. तंबोरा, वीणा, चाळ, झालर, मायक्रोफोन. भीमगीतासाठी त्या खणात एकही ठसा नव्हता. शहरातल्या मासिकांत शोधलं, तिथंही नव्हता, कारण ती मासिकं हे गाणं छापतच नव्हती. मी म्हटलं, तंबोरा लावून टाका. आप्पा म्हणाले, "दुसऱ्याचा सदरा घालून माणूस पुढं उभा करायचा? न्हाई जमायचं."

फोटोचंही तेच. आप्पा म्हणाले, शाहीर, डोळे मिटा. शाहीर, तुमचं उत्तर मी विसरलेलो नाही. तुम्ही म्हणालात, "डोळं मिटून गायलो तर म्होरं कोन ऐकतंय, कोन उठून चाललंय, ते मला कळायचं कसं?" तुम्ही सरळ समोर बघितलंत. पांढरा सदरा, हातात काही नाही, नजर थेट बघणाऱ्यावर. आप्पा म्हणाले, "हेच ऱ्हाऊ द्या. ह्यो ह्यांचा पेहराव."

आता इथून पुढचं नीट ऐका. ही गोष्ट आजवर दोघांनाच माहीत होती, आणि त्यातला एक गेला.

आप्पांनी जो कच्चा नमुना काढला तो असा होता. कोरं पान. मध्यभागी शाहिरांचा चेहरा. खाली नाव. भोवती एक बारीक रेघ, निळी. बस. त्या निळ्या रेघेसाठी त्यांनी मशीनचे रूळ धुऊन वेगळी शाई लावली होती. नमुना माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "टेसनावरनं दिसंल."

दिसलं असतं. मला तेच नको होतं. मला भीती वाटली. आमच्या मासिकाच्या मंडळाचे अध्यक्ष मांडवगण फराट्याचे बागायतदार. त्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता, ना आधी, ना नंतर. त्यांचं नाव मी मनातल्या मनात सबब म्हणून वापरलं, इतकंच. भीती माझी होती. मी म्हटलं, आप्पा, निळा नको, निवडणुकीचं पत्रक वाटेल. काळीच ठेवा.

आप्पांनी रेघ काळी केली. ती फारच बारीक दिसायला लागली. मी म्हटलं, उघडं वाटतंय, रेघ जाड करा.

आप्पांनी हात पुसले. म्हणाले, "मास्तर, समोर बघनारा फोटू आन् भवती जाड काळी चौकट, हे आपन कवा करतो? दुखवट्याला करतो. लोक काय समजतील?"

मी म्हटलं, "पुण्याकडं आता अशाच चौकटी चालतात. आधुनिक दिसतं." कुठल्या मासिकात चालतात? कुठल्याच नाही. मी ते तिथल्या तिथं बनवून सांगितलं. आप्पा म्हणाले, "मग प्रुफावर सही करा." मी सही केली.

निळी नको, मी म्हटलं. जाड करा, मी म्हटलं. सही मी केली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तेच तुम्ही हसत सांगता. एस.टी.नं गठ्ठे गेले. ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही आतलं पान उलटलं नाही. पुढच्या पानावर चौकट बघितली आणि कासुर्डीची वाट धरली. शाहीर संध्याकाळी ड्युटीवरून घरी आले तर अंगणात पाहुणे बसलेले, चुलीवर काही नाही, आणि मांडवगणला दिलेली बहीण वेशीपासून रडत आलेली. तिनं भावाला दारात बघितलं आणि आधी एक ठेवून दिली, मग मिठी मारली. इथपर्यंत गंमत आहे. इथपर्यंत मीही हसतो.

दुसऱ्या दिवशी कासुर्डीची दहा-बारा माणसं छापखान्यात आली. शाहीर त्यांच्यात होते. शाहिरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "लोकांचं काय चुकलं? आमच्या वस्तीतल्या माणसाचा फोटू पुढच्या पानावर. लोक म्हनले, गेला असंल. जित्यापनी कोन छापतंय?"

मग एकानं विचारलं, ही चौकट कुणी घातली?

मी तिथंच होतो. खिडकीजवळच्या स्टुलावर, हातात चहाचा कप. मला प्रश्न ऐकू आला. आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "चौकट म्या जुळवली. चूक माझी हाय. शाहीर, माफी करा." आणि शाईच्या हातांनी हात जोडले.

मी चहा संपवला.

मंडळी, त्यानंतर काय झालं ते वहिनींना विचारा. लग्नसराई आली आणि आप्पांकडं एकही पत्रिका आली नाही. जित्याची चौकट छापणाऱ्या हातानं आपल्या पोरीच्या लग्नाची पत्रिका कोण छापून घेणार? ज्या छापखान्यात मार्गशीर्षापासून पाय ठेवायला जागा नसायची, तिथं पावती पुस्तकं आणि शाळेचे फॉर्म तेवढे राहिले. 'सूरवेळ'चा आणखी एक अंक निघाला आणि मासिक बंद पडलं. मी त्या अंकात दिलगिरी छापली. चार ओळी. 'मांडणीतील दोषामुळे', असं लिहिलं. मांडणी कुणाची, ते सगळ्यांना माहीत होतं. ते खिळे आप्पांनीच जुळवले, माझ्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवून.

पुढं एक पत्रिका आली, खोटं बोलणार नाही. शाहीर आले, धाकट्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचं काम घेऊन. म्हणाले, "मी मरून आलोय, मला कसला अपशकुन." आप्पांनी ती पत्रिका निळ्या शाईत छापली. तुम्ही माफ केलंत, शाहीर. पण ज्यानं काही केलंच नव्हतं त्याला माफ केलंत.

मी आप्पांना एकदाच विचारलं, तेही वर्ष-दीड वर्षानं. माझं नाव का नाही सांगितलंत? ते खिळे पुसत होते. म्हणाले, "तुमाला रोज पोरांम्होरं उभं ऱ्हायचं असतंय, मास्तर. माझ्याम्होरं खिळं असत्यात. ते हसत न्हाईत." मग म्हणाले, "प्रुफ जाळलंय. इसरा."

विसरलो नाही, पण गप्प बसलो. दर वेळी कुणी ती गंमत सांगितली की मी बरोबर हसलो. मागच्या दिवाळीत याच गावात, आप्पा शेजारी बसलेले असताना हसलो. ते जिवंत होते तोवर हे चार माणसांत सांगायला मला एक सकाळ लागली असती. मी ती काढली नाही. मला त्याची लाज वाटते. हा शब्द मी पोरांना निबंधात जपून वापरायला सांगतो. आज तो जपून वापरतोय.

प्रूफ नाही, साक्षीदार नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल. बाहेर चहाच्या गाडीवर, एस.टी.त, लग्नात, जिथं जिथं ती गंमत सांगाल, तिथं यापुढं माझं नाव घ्या. शिरूरचा मास्तर म्हणा. आप्पांनी त्या माणसाला जिवंत छापलं होतं. काळी चौकट मी घातली.

वहिनी, पाच वर्षं लोक तुमच्या दारावरून हसत गेले. ते माझं दार होतं.

आता आप्पांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. माझ्या शेजारी कुणाला उभं राहायचं नसेल, तर त्यांनी खुशाल पलीकडं सरकावं.