पाटावरचा कॅमेरा

विक्रम : पण मी कपाटावर ठेवला होता, बॅगेत, चेन लावून. तिथून तो देवासमोर चालत आला का?

जयवंता : चालत कशाला येईल? चारू स्टुलावर चढली, मी स्टूल धरलं.

चारुलता : मला नका ओढू यात. आत्या म्हणाल्या, आज खंडेनवमी, घरातलं सगळं अवजार पाटावर बसलं पाहिजे. माझं शिलाई मशीन बसलं, विळी बसली, गाडीची चावी बसली. तुमचा कॅमेरा काय जावई लागून गेला?

विक्रम : आणि लेन्सच्या काचेवर हे कुंकू?

जयवंता : मग कुठं लावू? वर झाकण होतं, ते काढलं. डोळा झाकून ठेवून कुणी पूजा करतं का?

विक्रम : आत्या, ती पोर्ट्रेटची लेन्स आहे. उन्हाळाभर रिव्ह्यू बघून घेतली मी.

चारुलता : उन्हाळाभर, आणि जेवताना पण. एक माणूस म्हणतो फोटोच्या कडा मऊ येतात, दुसरा म्हणतो नाही येत. माझ्या पोळ्यांच्या कडा कधी इतक्या बघितल्या नाहीत यांनी.

विक्रम : वर फिल्टर आहे म्हणून काच वाचली. बरं, हल्लू पुसतो आणि लगेच फोटो काढतो. खिडकीत लाइट छान आहे. आत्या, तू इथं खुर्चीवर...

जयवंता : नक्को. हात लावायचा नाही. पूजेला बसलेलं अवजार उद्या उत्तरपूजा झाल्यावरच उठतं. तुझ्या आजोबांची ज्वारीची पेरणी अडली होती, तरी त्यांनी तिफण उचलली नाही.

विक्रम : उद्या तुझी सकाळची गाडी आहे सिकंदराबादहून. उत्तरपूजेच्या आधीच निघायचंय.

जयवंता : हौ. दसऱ्याचं सीमोल्लंघन. हर्षवर्धन तिकडं पुण्यात माझी खोली रंगवून बसलाय. पोटचा लेक आहे, त्याच्याकडं पण राहायला पाहिजे की.

विक्रम : जा ना, मी कुठं नको म्हणतोय. पण जायच्या आधी तुझा एक फोटो काढायचा होता. त्याच्यासाठीच ही लेन्स घेतली. आई गेल्यापासून तू मला वाढवलंस, आणि या घरात तुझा एक धड फोटो नाही.

जयवंता : आहेत की. मागच्या महिन्यात पण काढलास.

चारुलता : आत्या, त्यात तुम्हाला पोलिस ठाण्यात बसवल्यासारखं वाटतंय.

जयवंता : वाटणारच. हा समोर उभा राहतो, तोंडाला ते काळं डबडं लावून. आत्या हनुवटी खाली घे, आत्या खांदा वळव, थांब, लाइट मीटर करतो. मग मीटर करतच बसतो. माझी मान आखडून जाते.

विक्रम : बरं, मग मोबाईलनं काढतो. चारू, तुझा मोबाईल दे.

चारुलता : पाटावर. तुमचा पण.

जयवंता : दोघं दिवसभर त्याच्यावरच काम करता ना? मग अवजारच झालं ते.

विक्रम : कमाल आहे. म्हणजे या घरात आज फोटो निघायचाच नाही?

चारुलता : तो छोटा डिजिटल आहे की. माझ्या बहिणीच्या, भाग्यलक्ष्मीच्या लग्नात घेतलेला. आत्या, तो कसा सुटला?

जयवंता : तो बेकार आहे, भंगारात टाकायचाय, असं हाच म्हणाला होता. भंगाराची कुठं पूजा करतात?

विक्रम : अगं, त्याचा सेन्सर नखाएवढा आहे. आणि त्याला पेन्सिल सेल लागतात.

चारुलता : दोन्ही घड्याळांत परवाच नवे टाकलेत. काढते. हे घ्या, आता कारण सांगू नका.

विक्रम : याला डोळा लावायला जागाच नाही. मागं नुसता स्क्रीन. असा छातीशी धरून काढायचा.

(छोट्या कॅमेऱ्याची लेन्स कुरकुरत बाहेर येते.)

जयवंता : शाळेत पाटी धरून उभा राहायचास, तसा दिसायलास.

विक्रम : आत्या, जरा हनुवटी...

जयवंता : तुझे केस पांढरे झाले की रे. कधी झाले?

विक्रम : झालेत केव्हाच. हलू नको.

जयवंता : तुझ्या बापासारखेच, कानापासून सुरुवात. आणि चारू, हे बघ, जीभ. गणित सोडवताना अशीच बाहेर काढायचा. मी म्हणायची, आत घे, माशी बसेल. अजून तशीच.

चारुलता : काढलात का?

विक्रम : काढला.

चारुलता : दाखवा. अय्या, आत्या, तुम्ही हसताय यात. चक्क दात दिसतायत.

विक्रम : पण जरा हललाय. मागचा स्विचबोर्ड पण स्पष्ट आलाय. आणि आत्या, तुझी नजर कॅमेऱ्यात नाही. वर आहे.

जयवंता : वर तू होतास ना.

विक्रम : आणि मोठ्या कॅमेऱ्यानं काढायचो तेव्हा?

जयवंता : तेव्हा तुझं तोंड कुठं दिसायचं? त्या काचेकडं बघून कुणाला हसू येतं?

विक्रम : आत्या, खरं सांग. म्हणून बसवलास का तो पाटावर?

जयवंता : खंडेनवमी आहे म्हणून बसवला.

चारुलता : खंडेनवमी गेल्या वर्षी पण होती. तेव्हा यांचा आधीचा मोठा कॅमेरा नव्हता बसवला तुम्ही.

जयवंता : गेल्या वर्षी मी कुठं जात होते?

विक्रम : मोठ्यालाही मागं स्क्रीन आहे तसा. उघडतो, वळतो पण. मी तो कधी उघडलाच नाही. डोळ्याला लावला की हात स्थिर राहतो, म्हणून.

जयवंता : मग दिवाळीला पुण्याला ये, घेऊन ये त्याला. तिथं उघड.

विक्रम : येतो. नक्की येतो. आता अजून एक काढू? हा हललाय.

जयवंता : काढ. पण हल्लू काढ, गडबड करू नको. मला जरा बघू दे.