आक्काला लंका दावली ती मी

माझं म्हायार माण तालुक्यातलं, दहिवडीच्या वरल्या अंगाला, जिथं पावसाळ्यातबी ढग नुसतं तोंड दावून जात्यात. माज्या बाची मेंढरं हुती, आमी पोरं मेंढरातच वाढलो. तान्ही कोकरं दिवसभर वाघरंत ठिवायची, वाघर म्हंजी जाळीचं कुंपाण, आन् मोठी मेंढरं चरून आली, दिवस मावळाय लागला, की वाघर उचलायची, आन् काय सांगू ताई तुमाला, एवढा कालवा, एवढा फुफाटा, पर एकबी कोकरू चुकायचं न्हाई, जे ते आपल्या आईच्याच कासंला. बा माजा बांधावर बसून बघायचा आन् म्हणायचा, आता माजा दिस संपला.

मला दिली विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. तिकडं निम्मं गाव गलाई करतं. गलाई म्हंजी जुनं सोनं वितळवून चोख करायचं. त्यापायी आमची माणसं पार देशभर पांगल्यात, मराठी माणूस जिथं न्हाई तिथं आमचा गलाईवाला असतुया. आमचं मालक तामिळनाडूत सेलमला हुतं, मग मीबी सेलमला. एकच खोली, पुढं भट्टी, मागं चूल, तेजाबाचा धूर असा की डोळ्याला धार लागायची. नळावरच्या बायांबरूबर भांडून भांडून मी तामिळ शिकले, पयल्यांदा शिव्या आन् मग बाकीचं. जत्रंला गावाकडं आलं की थोरली जाऊ समद्यांच्या म्होरं म्हणायची, ए सुमन, तुजं ते यंडुगुंडू बोलून दाव की जरा, आन् समद्या बाया फिदीफिदी हसायच्या. तिला आमी आक्का म्हणतो. ती कडेगावकडची, उसाच्या रानातली, आमच्या माणच्या माणसाला ती कुसळातली म्हणायची. असू दे. त्याचा राग न्हाई मला. राग वायला हाय.

आमाला एकच पोरगी, रुपाली. चालाय लागली तसा तिला खोकला धरला, रातध्याड खोकायची, डाक्टर म्हणाला हा धूर पोरीला न्हाई सोसायचा. मालक म्हणालं गावाकडं ठिऊ, साळाबी मराठी हुईल. आमच्यातली लय जण आशीच ठिवत्यात. आक्काला दोन पोरं, पोरगी न्हाई, ती एवढी गोड बोलली, आण की गं, माज्या दोघात तिसरी, तुजी ती माजी. मी म्हणले कुटं फेडू ह्या माउलीचे पांग. तुजी ती माजी! तवाच कळाय पायजे हुतं मला.

मग काय झालं ते ऐका. आमचं दुकान बंद ठिवता यायचं न्हाई, वरसातनं एकदा जत्रंला यायचं, चार दिस ऱ्हायचं. मी पोरीसाठनं परकर पोलकं शिऊन आणायची आन् घरात पाऊल टाकलं की आक्का म्हणायची, आगं बया, कालच तिला माज्या म्हायारी धाडली, गावात गोवराची साथ हाय न्हवं. म्होरल्या वरसाला मामानं नेली. त्याच्या म्होरल्या वरसाला आनि कायतरी. एकदा मी एष्टी धरून कडेगावला तिच्या म्हायारी गेले, तर दाराला कुलूप, शेजारीण म्हणली समदी देवाला गेल्यात. मी पायरीवर बसून ऱ्हायले आन् शेवटची एष्टी धरून माघारी आले. फोन लावला तर पोरगी झोपलीया, पोरगी साळंत गेलीया, पोरगी न्हातीया. आणि हिकडं पोरीला काय सांगायची, तर तुज्या आईला सवड न्हाई गं बाळा, तिला तिकडंच गोड लागतंय. गावानं खरं सांगितलं नसंल का तिला? पर पोर जिच्या कुशीत झोपतं तिचंच खरं धरतं.

आक्काच्या पोरांची मी काकी, म्हणून रुपालीबी मला काकी म्हणाय लागली, आन् तिला आई. आक्कानं कवा तिला सुधारलं न्हाई.

हे समदं मला कळलं कवा, तर पोरीच्या लग्नात. मी हळद लावाय हात फुडं केला तर पोरगी हसून म्हणते, काकी, जत्रंला कवा आला न्हाईसा, लग्नाला तरी आलासा. माजा हात तिच्या गालावर तसाच ऱ्हायला. मी आक्काकडं बघितलं, ती हळदीचं ताट घिऊन उभी, नजर खाली. मांडवात बोंब मारून पोरीचं लगीन मोडू काय? गिळलं. मग मालक गेलं, त्या धुरानंच गेलं, मी गावाकडं आले, वाटणीतली खोली मिळाली, मदी एक भित आन् भितीच्या पल्याड आक्का. एकदा धीर करून रुपालीला समदं सांगितलं. ती म्हणाली, काकी, आईविषयी पुन्हा असं बोलू नका. माज्या पोटची पोरगी मला म्हणाली हे. त्या दिशी मी ठरवलं, आता मी सांगत न्हाई. आता ही बाई सोता सांगंल, पोरीच्या म्होरं, आपल्या तोंडानं. तवर मी मरत न्हाई.

तर लंका. आक्काला लय हौस, सीतामाईला रावणानं जिथं ठिवली ती जागा बघायची. रुपाली आन् जावई पुण्यात नोकरीला, त्यांनी ठरवलं आईला लंका दावायची. आन् मला कशाला? आक्काचं गुडघं गेल्यालं, हाताला धराय कोण पायजे न्हवं. रुपाली फोनवर जावयाला म्हणत हुती ते मला ऐकू आलं, काकी असली म्हंजी आईचं सगळं बघंल. मी म्हणले येते की. लगीच येते.

आयुष्यात पयल्यांदा इमानात बसले. खाली उतरलो तर समदीकडं हिरवंगार, नारळ, केळी, तळी. माज्या माणच्या डोळ्याला तर खोटंच वाटलं ते. डायवर मिळाला सेल्वम नावाचा, डोंगरातला, तामिळ बोलणारा, मी त्याला जेवलास का बाबा इचारलं तर गाडी चालवता चालवता माज्याकडं वळून बघाय लागला. जावई घाबरलं. रुपाली त्याच्याशी इंग्रजीत बोलायची, मी तामिळमदी, आन् आक्का मदी बसून ह्याच्या तोंडाकडं त्याच्या तोंडाकडं बघत. आता तुमाला खरं सांगते, लय बरं वाटलं.

जंगलात हत्ती बघाय नेलं. उघड्या जीपीत बसून कळपाच्या जवळ गेलो, हत्तिणीच हत्तिणी, मदी एक पिल्लू लडबडत. तिथला माणूस सांगाय लागला, रुपाली आमाला मराठीत सांगत हुती, की पिल्लाला समद्या हत्तिणी मिळून सांभाळत्यात, मावश्या, चुलत्या. लगीच आक्कानं पोरीचा हात धरला आन् म्हणाली, बगितलंस व्हय, जी सांभाळती तीच आई. आन् माज्याकडं बघून हसली! ताई, माज्या आंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात ते पिल्लू समद्यांच्या पायातनं वाट काढत एका हत्तिणीच्या खाली शिरलं, चुरूचुरू प्याय लागलं. मी म्हणले, आक्का, प्यायला कुणाकडं गेलं तेबी बगा की. रुपालीनं दोघींकडं बघितलं. 

मग कँडीला देऊळ बघितलं, राती ढोलाचा नाच बघितला. आपल्या मेंढक्यांच्या गजी नाचातल्या ढोलासारखाच छातीत घुमतुया आवाज, माजं पाय आपसूक हलाय लागलं. तिथनं वर डोंगरात गेलो. थंडी कसली, नुसतं धुकं, आन् डोंगरच्या डोंगर चहाचं, कुणीतरी कात्रीनं कापून ठिवल्यागत. दुसऱ्या दिशी रुपाली आन् जावई पहाटं उठून लांब कुठला कडा बघाय चालत गेलं. आमा दोघींना ते चालणं झेपायचं न्हाई, म्हणून सेल्वमला सांगितलं ह्यांना सीतामाईचं देऊळ दाव आन् चहाचं मळं दाव. आता इचार करा. परका मुलूख, गाडीत तिघंच, आन् आक्काचं एकूण एक वाक्य माज्या तोंडातनं जाणार. एवढी वरसं माज्या पोरीचं बोलणं आक्काच्या तोंडातनं माज्याकडं यायचं. आता माजी पाळी.

सीतामाईचं दर्शन झालं, आक्कानं डोळं पुसलं, म्हणली काय ह्या बाईनं सोसलं असंल गं. मग मळ्याच्या वाटंला लागलो, नुसती नागमोडी वाट, आपल्या कोयनंच्या घाटासारखी, आन् आक्काच्या पोटात ढवळाय लागलं. दुपारी हाटेलात खोबऱ्याचं काय काय हादडलं हुतं तिनं. म्हणाली, सुमन, त्याला गाडी थांबवाय सांग. मी सेल्वमला तामिळमदी म्हणले, बाबा, सावकास चल, आक्काला डोंगर लय आवडलाय. सेल्वम खूश. वळणावर वळण. आक्का घामानं डबडबली, शिटाचं कापड मुठीत धरलेलं. आगं सांगितलंस का त्याला? मी म्हणले, सांगते की. आदी मला एक सांगा आक्का, जत्रंला माजी रुपाली कुटं असायची?

आत्ता हे काय काढलंस, म्हणाली. मी म्हणले, आत्ताच. आनि एक वळण गेलं. ती म्हणाली, देवाशपथ सुमन, माजी लाज जाईल. मी म्हणले, माजी पोरगी गेली. तवा ती वरडली, माज्या म्हायारी न्यायची मी तिला, झालं? मुद्दाम न्यायची! तुला बगितलं असतं तर ती तुज्या मागं रडत गेली असती, माज्याकडं ऱ्हायली नसती. मी म्हणले, हे पोरीच्या म्होरं बोलणार का? बोलंन बाई, बोलंन, गाडी थांबव. तवा मी सेल्वमला म्हणले, थांबव बाबा आता, लय पुण्य लागंल तुला.

तुमी म्हणाल बाई किती खुनशी हाय. व्हय, हाय. लिव्हा तसंच.

गाडी थांबली ती मळ्यातल्या बायांच्या चाळीजवळ. तिथं एक खोली, खोलीत झोळ्याच झोळ्या टांगलेल्या, झोळीत पोरं, आन् एक म्हातारी एक झोळी हातानं हलवती, दुसरी पायानं. तिनं आक्काला मागं मोरीकडं नेलं, पाणी दिलं, मग बिनदुधाचा चहा दिला. आक्काच्या जिवात जीव आला. दिवस कलला हुता. तेवढ्यात मळ्यातनं बाया उतराय लागल्या, पाठीला पाल्याच्या टोपल्या, चिखलानं भरलेलं पाय, येतील तशा म्हातारी त्यांच्या हातात एकेक पोर देत हुती. आक्का बघत ऱ्हायली. म्हणाली, ही कोण गं? एवढी पोरं कुणाची?

ताई, मी एवढी वरसं मनात शिव्या रचून ठिवल्या हुत्या, मराठीत आन् तामिळमदी. एकबी लागली न्हाई. मी म्हणले, आक्का, ह्या बाया कामाला जात्यात, तवर ही त्यांची पोरं सांभाळती, आन् दिवस मावळला की ज्याचं त्याला परत देती. आक्कानं हातातला गलास खाली ठिवला. चहा अर्धाच हुता.

पर बाई चिवट. तिथनं आमी समुद्राला उतरलो, पयला दिस गेला, पोरीला कायबी सांगितलं न्हाई. मी सकाळी तिची येणी घालताना इचारायची, आक्का, आज? ती म्हणायची, गुडघा दुखतुया. शेवटच्या दिशी सांजचं वाळूत बसलो हुतो, लांब पाण्यात कोळी रवलेल्या लाकडावर बसून मासं धरत हुतं, रुपाली त्यांचं फोटो काढत हुती. मी आक्काच्या मागं जाऊन उभी ऱ्हायले, नुसती उभी. तवा तिनं हाक मारली, रुपा, हिकडं ये. आन् सांगितलं. म्हायार, गोवर, फोन, समदं. म्हणाली, ही दर वरसाला येत हुती, परकर घिऊन यायची, मीच तुला दाखवली न्हाई. मला तू पायजे हुतीस.

मला वाटलं हुतं पोरगी माज्या गळ्यात पडंल. न्हाई पडली. ती चपला तिथंच टाकून पाण्याच्या कडंकडंनं लांब निघून गेली, मागनं जावई गेलं. अंधार पडल्यावर आली, डोळं सुजल्यालं, आन् इचारलं काय, तर त्या परकरांचं काय केलं? आक्का म्हणाली, वाटून टाकलं. बास. येताना इमानात ती आमा दोघींपासनं लांब बसली. मी खिडकीतनं ढग बघितलं आन् म्हणले, सुमन, सूड तर उगवलास, हातात काय आलं? घरी येऊन मी कितीतरी दिस धड जेवले न्हाई.

मग दिवाळीच्या अलीकडं फोन वाजला. नेमानं आक्काच्या घरात वाजायचा, तो माज्या घरात वाजला. रुपाली म्हणाली, आई, मला दिस गेल्यात, बाळंतपणाला तुज्याकडं यिऊ का? मी म्हणले, कोण पायजे तुला, आक्काला बोलवू का? ती रडाय लागली, म्हणाली, तुलाच म्हणतीया गं.

आता आलीया. मुलगी झाली. रुपाली तिकडं आत झोपलीया, म्हणून मगापासनं मी तुमच्याशी हळू बोलतीया. आक्का रोज सकाळी उंबऱ्यात येऊन उभी ऱ्हाती, आत येत न्हाई, मी बाळ तिच्या हातात देते. दिवसभर तिच्याकडंच असतं, भूक लागली तर रुपालीकडं, प्यालं की पुन्हा तिच्याकडं. न्हाऊ घालती, गाणी म्हणती, हात चांगला हाय तिचा, ते मी नाकारत न्हाई. तिनं माजी पोरगीबी चांगली सांभाळली, खोकला तिनंच घालवला. पर दिवस मावळला की मी जाते आन् हात फुडं करते. पयल्यांदा आक्का म्हणायची, जरा असू दे की, आत्ताच डोळा लागलाय. रुपालीबी म्हणती, आई, कशाला गं एवढं? मी म्हणते, तू गप ऱ्हा. तुज्या येळचं ऱ्हायलंय ते मी आता घेते.

बास करा ताई, मिटा ती वही. बाळाला आशीर्वाद द्या आन् जावा, एष्टी चुकंल तुमची. ऊन भितीवरनं उतरलं बगा. आता मी उठून जायाचीबी गरज न्हाई, दारात बगा, ती आलीया, बाळ फुडं धरून.