वकिलातीला उत्तर

रत्नागिरीच्या पोस्टात रजिस्टरच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका उभ्या होत्या.

"कुणाला गो पत्र, तुळसा?"

"दुबईच्या आपल्या वकिलातीला, काकी. त्यांनी ह्यांचा फोटो धाडलाय. ओळख पटली तर घरी पाठवतो म्हणतात."

"अगो, पण बारा वर्षं पत्ता नाय म्हणून पितृपक्षात तुम्ही त्याचा पुतळा करून जाळलात ना?"

"जाळला. दर्भाचं अंग, नारळाचं डोकं. उचलताना भावोजींच्या हातून नारळ पडला आणि डावीकडे तडकला."

"बरं, मग?"

"फोटोत ह्यांच्या कपाळाला टाके आहेत. डावीकडेच."

"पडला असेल कुठेतरी."

"हातापायाला पट्ट्या आहेत. भाजलेला सापडला, असं लिहिलंय. तारीख पण आहे, काकी. पुतळा जाळला तोच दिवस."

"देवा! पण जिता आहे ना? कळव लवकर, माझाच घोव म्हणून!"

"सासूबाई म्हणतात, ज्याला अग्नी दिला त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाय."

"मग ह्या पत्रात काय लिहिलंय?"

"ह्या माणसाला आम्ही ओळखत नाय."

"कुणी लिहिलं असं?"

"भावोजींनी."

"आणि सही?"

"अंगठा आहे. माझा."