ऐकणारा कंप्युटर

जळगावच्या बसस्थानकात पहूरच्या गाडीची रांग काही हलत नव्हती. लोटनच्या पुढे एक भाऊ जागा धरून उभा होता. त्याच्या पोरीला नोकरीसाठी घेऊन गेलेली थोरली बहीण तरातरा परत आली आणि लोटनचे कान आपोआप टवकारले.

"निंबा, नाही घेतलं तुह्या उज्ज्वलाले."

"कायले पण, अक्का?"

"टायपिंग येत नाही म्हणे!"

"असं तो कंप्युटरवाला म्हणतो? अन् गावच्या शाळेत भाषण कोणी ठोकलं होतं? 'पाच वर्षांत तुम्ही नुसतं बोला, कंप्युटर ऐकून लिहील. टायपिंगात बोटं झिजवू नका!'"

"त्यानंच. मी आठवण करून दिली, तर हसला मेला! म्हणे, अजून पाच वर्षं थांबा."

"पोरीनं थांबायचं?"

"माह्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या कंप्युटरपुढे बसली अन् जोरानं सांगतलं, 'लिही बाबा, तुहा मालक लबाड आहे.'"

"मग?"

"लिहितो कायचा! ठोंब्यासारखा पाहत राहिला."

"अन् मालक?"

"त्याले बरोबर ऐकू आलं. उठा म्हणे. तेवढ्यात तुही पोरगी पुढे झाली. एकेक अक्षर शोधत, दोन बोटांनी, मी सांगतलं ते जसंच्या तसं त्या काचेवर उमटवलं तिनं."

"उज्ज्वलानं? तिले एवढं येते?"

"एवढंच येते. महिनाभर क्लासले गेली होती ना. पुढचं तू बंद केलं, निंबा. भाषण ऐकून घरी आला, त्याच दिवशी."