आंब्याच्या खोडाला सहा भोकं

—नाही, नाही, बसा हो, तुमच्या पंचनाम्याचं बघू, आधी हे ऐका, कारण ही कादंबरी कालच संपवलीय, चारशे बारा पानं, आणि डोकं अजून भणभणतंय. विज्ञानकथा. पृथ्वीची राखरांगोळी करून माणसं यानात बसतात आणि तीनशे वर्षं — तीनशे! — एकच रोप जपतात, स्वतःच्या वाटणीचं पाणी घालून. नव्या ग्रहावर उतरल्यावर पहिल्याच दिवशी काय? भांडण. रोप कोणाच्या दारात लावायचं! ओढाताणीत मुळासकट उपटलं. संपली कादंबरी. काल्पनिक म्हणे! काल्पनिक कसली, आमच्या सोसायटीची मीटिंग आहे ती, फक्त चहा-बिस्किटं नाहीत.

माणूस म्हणजे — तुम्ही झाडांच्या खात्यातले, तुम्हाला मी काय सांगायचं — हात लावीन तिथे सत्यानाश. वाळवीसुद्धा पोटापुरतं खाते हो. ह्या बिल्डिंगमध्येच बघा ना. तळमजल्यावरचा निहार, मोहोर पडून गाडी चिकट होते म्हणून त्याची बोंब. वरच्यांना कावळे नकोत. आणि चैत्रात जयंतीबाईंच्या हळदीकुंकवाला ह्याच झाडाच्या कैऱ्यांची डाळ आणि पन्हं मात्र सगळ्यांना हवं, वाट्या पुढे करतात निर्लज्जासारख्या. जयंतीबाई म्हणजे ज्यांनी तुम्हाला फोन केला त्या — त्यांच्या दीप्तीच्या बारशाला लावलेली कोय ती. पस्तीस वर्षं झाली.

मी? मी पहिल्या मजल्यावर, ही माझी खिडकी. कोणी केलं ते मला काय माहीत? कोणीही असेल, सगळे एका माळेचे मणी. सहा भोकं पाडून आत हिंग भरायला अक्कल थोडीच लागते—

काय? हो, तुम्ही फक्त भोकं म्हणालात. हिंग... अहो, हिंगाने झाड वाळतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. असं बघू नका माझ्याकडे.

बरं. अर्ज केला होता मी, तीनदा, तुमच्याच खात्याला. अख्खं झाड तोडा म्हणून. उत्तर आलं, झाड निरोगी आहे, तोडता येणार नाही. बरोबरच होतं उत्तर! पण डोळे अधू झाल्यापासून भरदुपारी दिवा लावून वाचायचो मी, आणि वाचन सोडलं तर आहे काय माझ्यापाशी? एक फांदी छाटली असती तरी भागलं असतं. जयंतीबाईंना विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या, लगेच. पण गच्चीवरच्या टाकीवरून आमचं बोलणं बंद — आणि आधी मी का बोलू? मग घरातलं गिरमिट काढलं. जयंतीबाई दुपारी आडव्या झाल्या की एक भोक. सहा दुपारी.

आता उजेड झकास येतो. काल शेवटच्या पानावर त्या यानातल्या दळभद्र्यांना शिव्या घातल्या मी, मोठ्याने — आणि खाली बघतो तर जयंतीबाई, कळशी घेऊन, त्या वाळक्या खोडाला पाणी घालतायत. रोज घालतात. दोन महिने झाले. लाज वाटली हो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिहा काय लिहायचं ते, नाव घाला माझं. सही नंतर. आता उठा, निघा. आणि जाता जाता त्यांना तेवढं सांगा, पाणी घालू नका म्हणावं आता. मला नाही जमणार. जा हो. दार ओढून घ्या.