तीनशे खलाशी

हॅलो?… हो, मीच. अगं, तू या वेळी? वॉर्डात आज कुणी आजारी नाही वाटतं?…

कोण, खालच्या काकू? त्यांनी तुला थेट हॉस्पिटलात फोन केला?… त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी? अगं, सोफ्याची गादी टाकलीय गॅलरीत, दुसरं काही नाही… का म्हणजे? धुतली म्हणून… का धुतली?… अगं ऐक ना, झालं असं, की सकाळी नळाला पाणी आलं, त्याबरोबर एक मासा, हा एवढा, माझ्या हाताएवढा…

बरं. नाही सांगत मासा.

हो… शू केली तुझ्या पिटुकलीनं. सोफ्यावर… नाही, ताप नाही, पोट दुखत नाही. पाच वर्षांची आहे, होतं कधी कधी… वर्षभरात झालं नव्हतं, ठाऊक आहे मला…

माझ्यामुळे? असं का विचारतेस?…

हो. माझ्यामुळेच.

थांब, जरा हळू बोलतो. ती पडद्यामागे बसलीय. पायाची बोटं दिसतायत… अर्धा तास झाला. कपडे बदलू दिले, तेवढंच. पण तोंड उघडत नाही… गोष्ट सांगत होतो गं. जहाजाची. मी वीस वर्षं समुद्रावर होतो, ती… हो गं बाई, सायकली दुरुस्त करत होतो, मला माहितेय, तिला नाही ना माहीत! तर वादळ आलं, आणि तिनं बोट वर केलं. मी म्हटलं, आत्ता नाही. मग चुळबुळ सुरू. मी म्हटलं, खबरदार, गोष्टीत मध्ये कुणी बोललं की जहाज बुडतं. तीनशे खलाशी तळाला…

हसू नकोस… हसत नाहीयेस? बरं.

पाऊण तास चाललं ते वादळ. लाटा काय, धो धो पाऊस काय, मी तोंडानं आवाज काढत होतो… हो, पाण्याचेच. वादळात आणखी कसले काढणार!

आणि सगळं झाल्यावर, त्या ओल्या गादीवर बसून, काय म्हणाली माहितेय? "आजोबा, वाचले ना सगळे?"

…आहे, आहे. ऐकतोय.

तुझ्या वेळी? तुझ्या वेळी काय?… सोफा कुठे होता तेव्हा, सतरंजी होती. ती तर मांजरीनं भिजवली… अगं, आपल्या त्या मांजरीनं!…

मांजरीनं नाही?

म्हणजे तू… आणि सांगितलं का नाहीस?… मध्ये बोललं तर विमान पडेल? असं म्हटलं होतं मी?…

अरे देवा. त्या मांजरीला पिशवीत घालून सायकलवरून नदीपलीकडे सोडून आलो मी. आणि तीस वर्षं दुकानात येईल त्याला पंक्चर काढता काढता सांगत बसलो, आमची मांजरी सतरंजी भिजवून वर पंजानं तोंड झाकून कशी हसली ते… तू तिथंच कोपऱ्यात बसून अभ्यास करायचीस. ऐकायचीस सगळं… लाज वाटते गं.

नको, "जाऊ द्या बाबा" नको म्हणूस. आत्ता काय करू ते सांग… खाली बसू? गुडघे… बसतो, बसतो… माफी मागायची. बरं. जहाजाची थाप तशीच राहिली तरी चालेल, पण चूक माझी म्हणायचं… आणि तिला गोष्ट मध्येच थांबवता यावी असं काहीतरी… शब्द सुचला नाही तर खूण… थांब, कळलं. फोन ठेवू नकोस हं.

पिटुकले… बाहेर नको येऊस, तिथूनच ऐक. चूक तुझी नाही, माझी. तू बोट वर केलंस ते मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि तरी थांबलो नाही. गोष्ट रंगली होती ना… खलाशी कुणी बुडणार नव्हते गं. ते मीच उगाच जोडलं. हे घे. सायकलची घंटी आहे, दुकानातली. शू, भूक, तहान, भीती, काहीही… वाजवायची. बोलावंसं वाटलं नाही तर नुसती वाजव. मी तिथल्या तिथे थांबेन. मग वादळ असो नाहीतर काही असो.

हॅलो? आहेस ना?… घेतली! पडद्याखालून हात आला आणि घेतली… नाही, वाजवली नाही अजून… रडतेयस का गं तू?… अगं, तुलाही देतो एक, डबाभर पडल्यात…

आणि ऐक, ती मांजरी. नदीपलीकडे सोडली ना मी तिला, तर चांगली दोन पायांवर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली…

थांब! वाजली!… काय गं पिटुकले?… आत्ता?… पळ, पळ, आलोच, दिवा लावून देतो!…

काय म्हणाली?… मांजरी थांबेल गं. ही नाही थांबायची. ठेवतो!